दूरशिक्षण : यशाचे भाकीत आणि यशाला हातभार

आपल्या महाविद्यालयाचे फाटक रविवारी बंद असते, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. गेल्या वर्षापर्यंत माझाही तोच होता. एका रविवारी वर्गात विसरलेली वही न्यायला आले, तेव्हा तळमजल्यावरच्या खोल्या भरलेल्या दिसल्या. बाकांवरची माणसे मात्र रोजची नव्हती. एस. टी.चे एक वाहक गणवेशावरच आले होते. दोन अंगणवाडी सेविका होत्या. एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन टिपणे उतरवीत होत्या. शिकवीत होते ते मात्र आपलेच राज्यशास्त्राचे सर. चौकशी केली तेव्हा कळले, की मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आपल्याच इमारतीत चालते आणि रविवारी त्याची समंत्रण सत्रे भरतात.

पुढे केंद्रसंयोजक सरांना कारकुनी कामात मदत म्हणून मी दर रविवारी जाऊ लागले. हजेरी घ्यायची, आलेले गृहपाठ वहीत नोंदवायचे, एवढेच काम. पण त्या वहीने मला एक गोष्ट दाखविली. सप्टेंबरात ज्या खोलीत बसायला जागा नव्हती, तेथे संक्रांतीनंतर पुढचे दोन बाक तेवढे भरू लागले. कोणी नापास झाले नव्हते, कारण परीक्षा अजून व्हायचीच होती. कोणी तक्रार करून गेले नव्हते. माणसे नुसती यायची थांबली होती.

हा प्रश्न मला इतका जिव्हारी लागावा, याला कारण घरचे आहे. माझ्या थोरल्या बहिणीने लग्नानंतर नऊ वर्षांनी दुसऱ्या एका संस्थेत बी. ए.साठी बाहेरून नाव घातले होते. प्रवेश घेतला तोही शेवटच्या तारखेला. पुस्तके उशिरा हाती आली. पहिला गृहपाठ कसा लिहायचा हे विचारावे असे ओळखीचे कोणी नव्हते. तो गेला नाही, आणि मग पुढचे काहीच गेले नाही. त्या सबंध वर्षात संस्थेकडून तिला एकही फोन आला नाही की चिठ्ठी आली नाही. फीची पावती आणि पुस्तके आजही आमच्या माळ्यावरच्या खोक्यात आहेत. ताई त्या वर्षाविषयी एवढेच म्हणते, “माझ्यातच दम नव्हता.”

ताईचे हे म्हणणे खरे आहे काय? दूरशिक्षण घेणारा कोणता विद्यार्थी टिकेल आणि कोणता गळेल, हे आधी सांगता येते काय? आणि सांगता आले, तर त्या ज्ञानाचे करायचे काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दूरशिक्षणाची वाटचाल

दूरशिक्षण ही कालपरवाची कल्पना नव्हे. १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन याने टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी पोस्टकार्डाएवढ्या मजकुराचे लघुलेखन करून पाठवीत आणि पिटमन ते तपासून परत पाठवी. हे ‘तपासून परत पाठविणे’ वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले. प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तीच वाट धरली. १९८२ साली हैदराबादला आंध्र प्रदेशाचे मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांना नोकरी सोडता येत नाही, ज्यांच्या गावापासून महाविद्यालय लांब आहे, अशांसाठी हे दार उघडले गेले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु दार उघडणे आणि आत आलेल्याला शेवटपर्यंत सोबत करणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गळती कोठे होते?

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात ऑर्मंड सिम्प्सन या गृहस्थांनी विद्यार्थ्यांना टिकविण्याच्या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. दूरशिक्षण देणाऱ्या संस्थांत पदवीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण बऱ्याचदा शेकडा वीसच्याही खाली असते, असे त्यांनी २०१३ साली एका लेखात दाखवून दिले आणि आपणच विद्यार्थ्यांना नापास करीत आहोत काय, असा प्रश्न विचारला. दूरशिक्षणाच्या मित्रानेच तो विचारला असल्यामुळे त्याला वजन आहे.

त्याच विद्यापीठाने २०१७ साली आपल्या काही अभ्यासक्रमांची माहिती, विद्यार्थ्यांची नावे व ओळख काढून टाकून, जगभरच्या अभ्यासकांना खुली केली. ही माहिती २०१३ आणि २०१४ या वर्षांतली असून तीत एकूण ३२,५९३ नोंदी आहेत. एकच विद्यार्थी दोन अभ्यासक्रमांना बसला, तर त्याच्या नोंदी दोन. त्यांचा हिशेब असा : विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण ३,०२४, उत्तीर्ण १२,३६१, अनुत्तीर्ण ७,०५२, आणि मध्येच सोडून गेलेले १०,१५६.

हे आकडे मी प्रथम वहीत उतरविले, तेव्हा शेवटच्या दोन आकड्यांवर थबकले. शंभरातले सुमारे एकतीस जण सोडून गेले. अनुत्तीर्ण झाले ते सुमारे बावीस. आपण परीक्षेला भितो, पण दूरशिक्षणातला विद्यार्थी परीक्षेत हरण्याआधीच वाटेत हरवतो. त्यातही गळतीचा मोठा वाटा अगदी सुरुवातीचा, म्हणजे पहिला गृहपाठ देण्याच्या आगेमागेचा असतो. आपल्या अभ्यासकेंद्राच्या वहीत मला जे दिसले, ते आपल्यापुरते नव्हते तर!

भाकीत कसे करतात?

आयुर्विम्याचा हप्ता ठरविणाऱ्याला अमुक माणूस कधी मरेल हे ठाऊक नसते. पण अमुक वयाच्या, अमुक सवयींच्या हजार माणसांतली किती जण दहा वर्षांत जातील, याचा त्याला बराच अचूक अंदाज असतो. शिक्षणातले भाकीतही याच जातीचे आहे. मागील वर्षांच्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी घेतात. वय, पूर्वीचे शिक्षण, व्यवसाय, एकाच वेळी घेतलेले विषय, आधीचे प्रयत्न, अशा एकेका गोष्टीचे यशाशी किती नाते आहे ते संख्याशास्त्राने काढतात आणि त्या मानाने प्रत्येक गोष्टीला कमीअधिक वजन देतात. मग नव्या विद्यार्थ्याची माहिती त्या सूत्रात घातली, की शून्य ते शंभर यांच्या दरम्यानचा एक आकडा मिळतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभीच असे आकडे वापरात आणले. काहींची यशाची शक्यता शेकडा ऐंशीच्या आसपास निघे, तर काहींची शेकडा दहाच्या आसपास. पूर्वीचे शिक्षण किती, ही बाब त्यात सर्वांत वजनदार ठरली.

पुढे अभ्यास संगणकावर होऊ लागला आणि दुसऱ्या प्रकारचे भाकीत शक्य झाले. विद्यार्थ्याने या आठवड्यात पाठ उघडला का, चर्चेत भाग घेतला का, आधीचा गृहपाठ दिला का, यांवरून तो पुढचा गृहपाठ देईल की नाही, याचा अंदाज त्याच विद्यापीठात दर आठवड्याला काढण्यात येऊ लागला.

या दोन प्रकारांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिला प्रकार माणूस कोण आहे ते पाहतो, दुसरा माणूस काय करतो ते पाहतो. पहिल्यातल्या बहुतेक गोष्टी विद्यार्थ्याला बदलता येत नाहीत. वय कमी करता येत नाही, सुटलेली बारावी मागे जाऊन देता येत नाही. दुसऱ्यातल्या गोष्टी मात्र बदलता येतात. आणि अभ्यासकांना असे आढळले, की अभ्यासक्रम जसजसा पुढे सरकतो तसतसे ‘कोण आहे’ याचे महत्त्व कमी होऊन ‘काय करतो’ याचे वाढत जाते. गरीब घरातला, शाळा सुटलेला विद्यार्थीही पहिले काही आठवडे नेमाने अभ्यासात राहिला, तर त्याचा आकडा वर चढू लागतो.

येथे एक अडचणही आहे. भाकीत जितके उशिरा करावे तितके ते अचूक येते. पण जितका उशीर होतो तितका त्याचा उपयोग कमी होतो. विद्यार्थी मार्चमध्ये गळणार, हे फेब्रुवारीत अचूक सांगण्यापेक्षा ऑगस्टमध्ये ढोबळ सांगितलेले पुष्कळ बरे.

भाकिताची मर्यादा

समजा, एका विद्यार्थिनीचा आकडा तीस आला. याचा अर्थ ती नापास होणार, असा नव्हे. तिच्यासारख्या शंभर जणींपैकी तीस उत्तीर्ण झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. ही त्या तिसांतली की सत्तरांतली, हे सूत्राला ठाऊक नाही. विम्याच्या कचेरीला या अज्ञानाचा त्रास होत नाही, कारण तिचा व्यवहार हजारांशी असतो. शिक्षकाचा व्यवहार मात्र समोर बसलेल्या एकीशी असतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. रोझेन्थाल आणि जेकबसन या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. काही मुलांची निवड केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. पण शिक्षकांना सांगण्यात आले, की ही मुले यंदा विशेष चमकतील. वर्षाअखेरीस, मुख्यतः खालच्या इयत्तांत, त्या मुलांनी खरोखरच अधिक प्रगती केलेली दिसली. या प्रयोगाच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. तरी त्यातली शंका रास्त आहे. शिक्षकाची अपेक्षा विद्यार्थ्यापर्यंत पोचते. मग ‘हिची शक्यता शेकडा तीस’ असे लिहिलेला कागद शिक्षकाच्या हाती दिला, तर त्याच्या वागण्यात नकळत काय उतरेल? आणि हा आकडा विद्यार्थिनीलाच दाखविला तर? माझ्या ताईला कोणी असा कागद दिला असता, तर तिने खोके आणखी महिनाभर आधी माळ्यावर टाकले असते.

एखादी संस्था तर म्हणेल, की ज्यांचा आकडा कमी त्यांना प्रवेशच देऊ नये, म्हणजे निकाल आपोआप सुधारेल! निकाल सुधारेल हे खरे, पण ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांच्याच तोंडावर ते लावल्यासारखे होईल. असल्या शंकांमुळेच ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २०१४ साली विद्यार्थ्यांच्या माहितीचा वापर कसा करावा, याचे लेखी धोरण ठरविले. विद्यार्थी म्हणजे केवळ त्याची नोंदलेली माहिती नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे.

यशाला हातभार

मग भाकिताचा उपयोग काय? माझ्या मते एकच. भाकीत म्हणजे निकालपत्र नव्हे. कोणाला आधी हाक मारायची, त्याची ती यादी आहे.

हाक मारण्याचीच गरज का पडावी, असे कोणी विचारील. केंद्र उघडे आहे, दूरध्वनी क्रमांक छापलेला आहे, ज्याला अडचण असेल तो येईल. पण अनुभव याच्या नेमका उलट आहे. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज असते, तोच मदत मागायला सर्वांत कमी येतो. जो विचारायला येतो तो बहुधा तरतोच. आपल्या केंद्रातही दर रविवारी शंका विचारणारे चेहरे तेच ते असतात. ताई कोणाकडे गेली नाही, याचे कारण आळस नव्हे. आपला प्रश्न हसण्याजोगा असेल, या भीतीने ती गेली नाही.

म्हणून सिम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मार्ग धरला. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच, ज्यांचा आकडा कमी अशा नव्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने आपण होऊन फोन करावयाचा. फोन थोड्या मिनिटांचा. त्यात आकड्याचा उच्चार नाही. वेळ कसा काढणार, घरचे कोण पाठीशी आहे, आजवर कोणती अवघड गोष्ट पार पाडली आहे, अशी विचारपूस आणि धीर. ज्यांना फोन केला आणि ज्यांना केला नाही, अशा सारख्या गटांची नंतर तुलना केली, तेव्हा फोन केलेल्यांत टिकणाऱ्यांचे प्रमाण थोड्या टक्क्यांनी अधिक भरले. हा आकडा ऐकून मी आधी निराश झाले होते. पण जेथे विद्यार्थी लाखाच्या हिशेबात आहेत, तेथे शंभरातले तीन-चार म्हणजे हजारो माणसे होतात. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी एक खोके माळ्यावर जायचे वाचले.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच विद्यापीठातील एका अभ्यासाने यात आणखी एक भर घातली. दर आठवड्याच्या भाकिताची यादी जे शिक्षक नेमाने पाहत, त्यांच्या विद्यार्थ्यांची कामगिरी सरस दिसली. पण सगळेच शिक्षक ती नेमाने पाहत होते असे नाही. तात्पर्य, यंत्राने यादी करून दिली तरी हाक माणसालाच मारावी लागते.

फोनखेरीज दुसरेही उपाय आहेत आणि ते सारे साधेच आहेत. पहिला गृहपाठ लहान आणि लवकर असावा, म्हणजे विद्यार्थ्याचा एक पाय आत पडतो. तो तपासून लौकर परत मिळावा आणि त्यावर गुणांखेरीज चार ओळी लिहिलेल्या असाव्यात. बोर्जे होल्मबर्ग या स्वीडिश अभ्यासकाचे म्हणणे असे, की दूरशिक्षणाचे पाठ्यपुस्तक हेच मुळी विद्यार्थ्याशी केलेले संभाषण असले पाहिजे, समोर बसून बोलावे तशा भाषेत. पिटमनच्या पोस्टकार्डाची आठवण येथे यावी. कार्ड जात होते तसे परतही येत होते. ज्या दूरशिक्षणात टपाल एकाच दिशेने जाते, ते शिक्षण नव्हे, पुस्तकविक्री होय.

आपल्यासाठी एक सूचना

हा लेख वाचणाऱ्या प्राध्यापकांना व माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती करावीशी वाटते. मोठी सूत्रे आणि संगणक यांची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या अभ्यासकेंद्रापुरती यादी हजेरीच्या वहीवरूनही करता येते. लागोपाठ दोन सत्रांना जे आले नाहीत, ज्यांचा पहिला गृहपाठ मुदतीत आला नाही, आणि ज्यांच्या शिक्षणात मोठा खंड पडला आहे, एवढ्या तीन खुणा पुरेत. अशा प्रत्येकाला, त्याची संमती आधीच घेऊन, केंद्राच्या वतीने कोणीतरी फोन करावा. आपल्यापैकी एकेकाने पाच-पाच नावे घेतली तरी काम भागेल. नावांची यादी केंद्रसंयोजकांच्या कपाटाबाहेर जाऊ नये आणि ‘तुम्ही गळणार आहात’ असे चुकूनही कोणाला सांगू नये. “गेल्या रविवारी तुम्ही दिसला नाहीत, सगळे ठीक ना?” एवढे वाक्य पुरते.

हे मी ऐकीव सांगत नाही. या वर्षी केंद्रसंयोजक सरांच्या परवानगीने मी थोडे फोन केले. काहींनी उचलले नाहीत. एका काकांनी, आता वेळ नाही, असे सांगून ठेवून दिला. एक ताई मात्र बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माझी कोणी नोंद ठेवत असेल असं वाटलं नव्हतं.” पुढच्या रविवारी त्या मागच्या बाकावर बसलेल्या होत्या. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरीही ते येथे लिहून ठेवले पाहिजे असे वाटले.

माझ्या स्वतःच्या ताईने यंदा पुन्हा नाव घातले आहे. कोणत्याही सूत्राला विचारले तर तिचा आकडा पहिल्यापेक्षाही खाली येईल, कारण आधीचा सुटलेला प्रयत्न हीही एक प्रतिकूल खूणच धरतात. हे मी तिला सांगितलेले नाही. दर बुधवारी रात्री, तिची भांडी आवरली की मी तिला फोन करते आणि त्या आठवड्याचे प्रकरण आम्ही दोघी फोनवरच वाचतो. पहिला गृहपाठ तिने मुदतीच्या दोन दिवस आधी दिला. तो तपासून परत आला तेव्हा त्यावर समंत्रकांनी तांबड्या शाईने लिहिले होते, की दुसरे उत्तर चांगले आहे, तिसऱ्यात उदाहरण हवे होते. ताईने ती ओळ मला फोनवर दोनदा वाचून दाखविली.

तिचा निकाल काय लागायचा तो लागेल. पण या वेळी ती अपयशी ठरली, तर ‘माझ्यातच दम नव्हता’ असे मी तिला म्हणू देणार नाही. आणि पहिल्या वेळचे ते म्हणणेही निम्मेच खरे होते, अशी आता माझी खात्री झाली आहे.